जेवणाचा पुरावा

काय खाल्लं की माणूस निरोगी राहतो, या प्रश्नावर आजवर जेवढा कागद खर्ची पडला, त्यातला बराचसा माणसांच्या आठवणीवर विसंबून लिहिला गेला आहे. मोठ्या आहार-पाहण्यांत लोकांना प्रश्नावली देतात. वर्षभरात पालेभाजी आठवड्याला किती वेळा खाल्लीत, तळलेलं किती वेळा, फळं किती? माणूस आठवून, अंदाजाने, थोडा संकोचत उत्तर देतो. या उत्तरांची पुढच्या दहा-वीस वर्षांतल्या आजारांशी सांगड घालतात आणि एके दिवशी बातमी येते की अमुक पदार्थाने हृदयविकार टळतो. पुढच्या वर्षी नेमकी उलट बातमी येते. मग लोक म्हणतात, या शास्त्रज्ञांचं काही खरं नाही. मला ही निराशा समजते. पण दोष शास्त्रापेक्षा त्याच्या हातातल्या मापात अधिक आहे, आणि ते माप आता बदलता येण्यासारखं आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1999-2000 मध्ये या आठवणीचीच परीक्षा घेतली. 484 स्त्री-पुरुषांना हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे जड अणू असलेलं पाणी प्यायला दिलं. हे दोन अणू शरीरातून कोणत्या वेगाने बाहेर पडतात, यावरून माणसाने दिवसाला किती ऊर्जा खर्च केली हे नेमकं कळतं, आणि वजन स्थिर असेल तर साधारण तेवढीच त्याने खाल्लेली असणार. प्रश्नावलीत मात्र पुरुषांनी सरासरी 31 ते 36 टक्के आणि स्त्रियांनी 34 ते 38 टक्के ऊर्जा कमी सांगितली होती. आदल्या दिवसाचं जेवण विचारलं तेव्हा चूक कमी झाली, पण गेली नाही. ही चूक सगळ्यांची सारखी असती तर चाललं असतं. पण ज्यांचं वजन जास्त ते जास्त कमी सांगतात, असं या प्रकारच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे ज्यांना आजाराचा धोका अधिक, त्यांच्याच आहाराची नोंद सर्वांत कच्ची.

आपल्याकडे ही अडचण आणखी दाट आहे. आमटीत तेल किती पडलं हे फोडणी घालणारीला ठाऊक, खाणाऱ्याला नाही. आणि तीसुद्धा हाताच्या अंदाजानेच ओतते. घरात सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या बाईला काय उरलं आणि किती मिळालं, हे ती स्वतःही मोजत नाही. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, श्रावणात ताट वेगळं, पावसाच्या तोंडाला टाकळा आणि कुर्डू, थंडीत हुरडा. 'आठवड्यातून किती वेळा' या रकान्यात हे जेवण मावत नाही. वाटीने मोजायला जावं तर घरोघरची वाटी वेगळी. शिवाय प्रश्न विचारणारी शिकलेली मुलगी समोर बसली की उत्तरात पालेभाजी आपोआप वाढते आणि वडापाव कमी होतो. यात लबाडी नसते. चारचौघांत आपण बरं दिसावं ही साधी इच्छा असते.

मेटाबोलॉमिक्सचं मोल इथे आहे. खाल्लेला घास पचतो, आतड्यातले जिवाणू त्यावर काम करतात, यकृत त्याचं रूपांतर करतं, आणि या सगळ्या घडामोडींतून तयार झालेले हजारो लहान रेणू रक्तात फिरतात व लघवीवाटे बाहेर पडतात. यांना मेटाबोलाइट म्हणतात, आणि ते एकत्रितपणे मोजण्याच्या शास्त्राला मेटाबोलॉमिक्स. पूर्वी साखर, युरिया, कोलेस्टेरॉल असे एकेक पदार्थ वेगवेगळे मोजले जात. आता प्रबळ चुंबकीय क्षेत्रात रेणूंचे संकेत टिपणारी किंवा रेणूंचं वस्तुमान मोजणारी यंत्रं थोड्याशा नमुन्यातून शेकडो रेणूंचा नकाशा एकदम काढतात. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या जेरेमी निकोल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस या विचाराला आकार दिला.

त्यांना साहित्य मिळालं ते 'इंटरमॅप' या अभ्यासातून. रक्तदाबाचा आहाराशी संबंध शोधण्यासाठी जपान, चीन, ब्रिटन आणि अमेरिका इथल्या 17 लोकसमूहांतले 40 ते 59 वयाचे 4,680 स्त्री-पुरुष त्यात घेतले होते. प्रत्येकाला चार वेळा आदल्या दिवसाचं जेवण विचारलं आणि दोनदा पूर्ण 24 तासांची लघवी जमा केली. ही लघवी गोठवून ठेवली गेली. 2008 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तिचं विश्लेषण आलं. नुसत्या लघवीवरून कोण कुठल्या देशातला हे वेगळं काढता येत होतं. जपानमधले जपानी आणि अमेरिकेत स्थायिक झालेले जपानी यांची जनुकं जवळची, पण रेणूंचे नकाशे निराळे निघाले. अमेरिकेत राहणाऱ्यांचा नकाशा अमेरिकेकडे झुकला होता. फॉर्मेट, अॅलॅनिन, हिप्युरेट अशा काही रेणूंचा रक्तदाबाशी संबंधही दिसला. कितीतरी मराठी कुटुंबं न्यू जर्सीला किंवा लंडनला जाऊन राहिली आहेत. वंश तोच राहून ताट बदललं की शरीरात काय बदलतं, हा प्रश्न त्यांच्याही घरचा आहे.

पुढची पायरी होती एकेका पदार्थाची खूण शोधण्याची. संत्र्या-मोसंबीच्या वर्गातल्या फळांत प्रोलिन बीटेन नावाचा रेणू भरपूर असतो, इतर बहुतेक खाण्यात नगण्य. तो शरीरात फारसा बदलत नाही आणि साधारण दिवसभरात लघवीतून निघून जातो. 2010 मध्ये इम्पिरियलच्याच गटाने दाखवलं की त्यावरून कोणी ही फळं खाल्ली हे भरवशाने सांगता येतं. गहू आणि राय यांच्या कोंड्यात अल्किलरिसॉर्सिनॉल नावाची द्रव्यं असतात. मैद्यात ती जवळजवळ नसतात. पाकिटावर काहीही छापलेलं असो, पाव कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा होता की नाही हे खाणाऱ्याच्या रक्तावरून समजतं.

मग 2017 मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली, जी मला या सगळ्या विषयाचा कणा वाटते. लंडनमध्ये 19 निरोगी स्वयंसेवकांना दवाखान्यात दर खेपेला तीन दिवस ठेवलं, चार खेपांत चार वेगवेगळे आहार दिले. एक आहार जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींच्या अगदी जवळचा, एक त्यापासून सर्वांत लांबचा, दोन मधले. कोणी काय खाल्लं याबद्दल शंकेला जागाच नव्हती. त्यांच्या लघवीतून जो नमुना मिळाला, तो पुढे इंटरमॅपमधल्या ब्रिटिश लोकांवर आणि डेन्मार्कमधल्या एका गटावर लावून पाहिला आणि तो तिथेही लागू पडला. एकोणीस माणसं ही संख्या लहान वाटेल. पण ज्यांचं ताट पक्कं ठाऊक आहे अशी एकोणीस माणसं, ज्यांचं ताट अंदाजाचं आहे अशा हजारोंना समजून घ्यायला उपयोगी पडतात. क्रम असाच हवा.

अशा मोजणीतून हाती काय लागलं? युरोपातल्या आठ देशांच्या 'एपिक-इंटरअॅक्ट' या अभ्यासात मधुमेह झालेल्या 9,754 जणांची 13,662 जणांच्या गटाशी तुलना केली. ही शेकडो रेणूंची मोजणी नव्हती. रक्तातलं क जीवनसत्त्व आणि कॅरोटिनॉइड्स एवढंच पाहिलं, पण वाट हीच. 2020 मध्ये निष्कर्ष आला की रक्तातल्या या खुणांनुसार दिवसाला 66 ग्रॅम फळं-भाज्या अधिक, त्यामागे मधुमेहाचा धोका सुमारे 25 टक्के कमी. 66 ग्रॅम म्हणजे एक लहान वाटी. प्रश्नावल्यांवरच्या अभ्यासांत हा संबंध फार फिका दिसत आला होता. माप नेमकं झाल्यावर तो ठळक झाला. त्याच वर्षी स्पेनच्या 'प्रेडिमेड' चाचणीतल्या रक्तातून भूमध्य सागरी आहाराची 67 रेणूंची एक छाप तयार झाली, ती अमेरिकेतल्या दुसऱ्या गटांवर तपासली गेली, आणि ज्यांच्या रक्तात ही छाप स्पष्ट त्यांना हृदयविकार कमी, असं आढळलं. 2025 मध्ये अतिप्रक्रिया केलेल्या खाद्यपदार्थांची अशीच गुणांकित छाप अमेरिकेत तयार झाली. तिची पडताळणी अशा 20 जणांवर झाली ज्यांना दवाखान्यात ठेवून आळीपाळीने एकदा 80 टक्के ऊर्जा अशा पदार्थांतून, तर एकदा अजिबात नाही, असं जेवण दिलं होतं.

इथवर सगळं उमेद वाढवणारं आहे. पण खूण सापडली म्हणजे कारण सापडलं, हा समज धोक्याचा आहे, आणि तो किती महाग पडतो हे आपल्याला माहीत आहे, कारण ही चूक एकदा होऊन गेली आहे.

1981 मध्ये काही नामवंत साथरोगतज्ज्ञांनी 'नेचर'मध्ये प्रश्न मांडला: आहारातल्या बीटा-कॅरोटिनने कर्करोग कमी होईल का? प्रश्न रास्त होता. ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटिन जास्त, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी, असं अनेक ठिकाणी दिसत होतं. गाजर, भोपळा, गडद हिरव्या पालेभाज्या खाणाऱ्यांच्या रक्तात ते जास्त असतं. पण प्रश्नाचं उत्तर शोधताना भाजी बाजूला राहिली आणि गोळी पुढे आली. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन पाच ते आठ वर्षं दिलं. 1994 मध्ये निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त. अमेरिकेत 18,314 जणांवर, म्हणजे धूम्रपान करणारे आणि अॅस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार यांच्यावर, बीटा-कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्व एकत्र देऊन तशीच चाचणी चालू होती. तिथे फुप्फुसाचा कर्करोग 28 टक्क्यांनी वाढला, मृत्यूही वाढले, आणि जानेवारी 1996 मध्ये ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली.

बीटा-कॅरोटिन रक्तात खरोखरच होतं आणि ते भाज्यांतूनच आलं होतं. त्याने साक्ष खरी दिली होती. चूक अशी की साक्षीदारालाच कर्ता मानलं. भाजी खाणाऱ्या माणसाच्या रक्तात शेकडो इतर द्रव्यं होती, त्याच्या आतड्यात तंतू पोहोचत होता, त्याच्या ताटात भाजीने दुसऱ्या कशाची तरी जागा घेतली होती, आणि कदाचित तो सिगारेटही कमी ओढत होता. या सगळ्याच्या वतीने एक रेणू मोजला गेला होता. तो वेगळा काढून गोळीत भरल्यावर बाकीचं सगळं मागे राहिलं. मेटाबोलॉमिक्समुळे असे साक्षीदार आता एकाऐवजी शेकड्यांनी मिळणार आहेत, म्हणून हीच चूक शेकडो वेळा करण्याची सोयही झाली आहे.

उदाहरणं आताच दिसतात. क्लीव्हलंडमधल्या स्टॅनली हेझन यांच्या गटाने 2011 मध्ये टीएमएओ या रेणूचा हृदयविकाराशी संबंध दाखवला. मांस, अंडी यांतल्या कोलिन, कार्निटिनपासून आतड्यातले जिवाणू एक पदार्थ करतात आणि यकृत त्याचं टीएमएओ बनवतं. संशोधन मोलाचं आहे. पण समुद्रातल्या माशांत टीएमएओ मुळातच भरपूर असतं; मासे खाल्ल्यावर लघवीत ते प्रचंड वाढतं, आणि मासे खाणं हृदयाला घातक असल्याचा पुरावा नाही, उलट झुकता पुरावा आहे. नुसता आकडा पाहून कोणी मालवणच्या माणसाला बांगडा सोडायला सांगितलं तर ते शास्त्र ठरणार नाही. तीच गोष्ट ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन या अमिनो आम्लांची. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या 12 वर्षांच्या नोंदींवरून 2011 मध्ये दिसलं की ज्यांच्या रक्तात ही जास्त, त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता जास्त. ही आम्लं डाळीत असतात, दुधात असतात. पण उपाशीपोटी तपासलेल्या रक्तात ती साचून राहतात ती बरीचशी शरीराची त्यांना वापरण्याची यंत्रणा मंदावल्यामुळे. वरण खाल्लं म्हणून मधुमेह झाला, असा अर्थ त्यातून निघत नाही. ज्या देशात गरिबाच्या प्रथिनांचा मोठा आधार डाळ आहे तिथे हा फरक नीट सांगितला नाही, तर अर्धवट बातमी पोषण हिरावून घेईल.

दुसरी गुंतागुंत खाणाऱ्याच्या शरीरातली आहे. सोयाबीनमधल्या एका द्रव्यापासून काहींच्या आतड्यातले जिवाणू इक्वॉल नावाचा रेणू बनवतात. पाश्चात्त्य देशांत साधारण चारांतला एक माणूस तो बनवू शकतो, पूर्व आशियात निम्म्याहून अधिक. दोघांनी एकाच वाटीतलं खाल्लं तरी लघवी वेगळी. म्हणजे या छापेत जेवण आणि जेवणारा दोघंही मिसळलेले असतात. काही टीकाकार यावरून म्हणतात की मग ही मोजणी कुचकामी आहे. मला तसं वाटत नाही. जेवण शरीरापर्यंत काय होऊन पोहोचतं हेच तर आपल्याला हवं आहे. मात्र त्यासाठी दोन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्या लागतील: यावरून खाल्लेला पदार्थ ओळखता येतो का, आणि यावरून आरोग्याविषयी काही कळतं का. पहिल्या प्रश्नाला उपयोगी पडणारी खूण दुसऱ्याला निरुपयोगी असू शकते. लिंबूवर्गीय फळांची ओळख पटवणारं प्रोलिन बीटेन रक्तदाब उतरवतंच असं कोणी म्हणत नाही.

या सगळ्या वादाचं सर्वांत बोलकं उदाहरण मला पुण्याजवळच्या सहा गावांत सापडतं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून तिथल्या स्त्रियांचा गरोदरपणाच्या आधीपासून पाठपुरावा केला. 797 गरोदर स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. आईने किती ऊर्जा आणि किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. दूध, पालेभाज्या, फळं हे पदार्थ आईने किती वेळा खाल्ले याचा मात्र ठळक संबंध दिसला, आणि लाल रक्तपेशींतल्या फोलेटचाही. पोषणाचा हिशेब कॅलरीत मांडणाऱ्यांना हा मोठा धडा होता: शेतात राबून उशिरा जेवणाऱ्या बाईच्या ताटात पालेभाजी आणि दूध आहे की नाही, याने फरक पडत होता.

याच मुलांची सहाव्या वर्षी तपासणी झाली, आणि 2008 च्या त्या लेखाने चित्र पालटलं. दोन तृतीयांश आयांच्या रक्तात ब12 जीवनसत्त्व कमी होतं. मिथिलमॅलोनिक आम्ल हा ब12 कमी पडलं की साचणारा मेटाबोलाइट तर 90 टक्के जणींत वाढलेला होता. म्हणजे चयापचयाने दाखवलेली उणीव जीवनसत्त्वाच्या आकड्याहूनही मोठी होती. फोलेटची कमतरता जवळजवळ कोणालाच नव्हती. आणि ज्या आयांचं फोलेट जास्त पण ब12 कमी, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. पालेभाजीची साक्ष देणारं फोलेट इथे वेगळंच काही सांगत होतं. कारण गरोदरपणात दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्यांतही फोलिक आम्ल असतं, आणि रक्तपेशीतलं फोलेट पानातून आलं की गोळीतून हे ती पेशी सांगत नाही. ब12 मात्र ना पालेभाजीत, ना त्या गोळीत. एका खुणेवर विसंबलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं; दोन-तीन एकत्र वाचल्या म्हणून आईच्या ताटात काय आहे आणि काय नाही हे दोन्ही दिसलं.

म्हणूनच 'आपल्या आजीला हे सगळं माहीत होतं, यंत्र कशाला हवं' हा युक्तिवाद मला पटत नाही. आजीला पुष्कळ माहीत होतं. भाकरीबरोबर पिठलं, पालेभाजीत मूठभर डाळ, वर लिंबू, ही जाण पिढ्यांच्या अनुभवातून आली आणि ती जपली पाहिजे. पण दूध विकून घर चालवणाऱ्या शाकाहारी बाईच्या शरीरात ब12 उरलेलं नाही, हे आजीला दिसणं शक्य नव्हतं. ते रक्ताने सांगितलं. परंपरेचा आदर करायचा असेल तर तिची तपासणीही करावी लागेल.

आणि ती तपासणी उधारीवर होणार नाही. खुणांची जी यादी आज जगात आहे ती बरीचशी संत्र्याचा रस, कॉफी, राय, सामन मासा, रेड वाइन यांच्याभोवती वाढली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 भारतीय खाद्यपदार्थांचे 151 घटक मोजून कोष्टकं प्रसिद्ध केली. हे काम पायाभूत आहे. पण पदार्थात काय आहे हे कळणं आणि तो खाल्ल्यावर माणसाच्या रक्तात काय दिसतं हे कळणं, यांत मोठं अंतर आहे. ज्वारीच्या काही रंगीत वाणांत इतर धान्यांत क्वचितच आढळणारी रंगद्रव्यं असतात. त्यांची खूण लघवीत मिळते का? लोखंडी तव्यावर भाजल्यावर ती टिकतात का? तूर आणि कुळीथ वेगळे ओळखता येतील का? हळद तर प्रत्येक भाजीत असते, मग तिची खूण कोणाला कोणापासून वेगळं करणार?

यासाठी अवाढव्य खर्च लागत नाही. लंडनमध्ये पाया एकोणीस माणसांवर रचला गेला. विदर्भातल्या किंवा पुण्याच्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात पन्नास लोकांना ठरावीक दिवस ज्वारीची भाकरी, मग गव्हाची पोळी, मग भात, बाकी ताट तेच ठेवून द्यावं, नमुने गोठवावेत, आणि मग ती छाप घेऊन गावोगावच्या पाहण्यांत जावं. आज पूर्ण विश्लेषण परवडलं नाही तरी नमुना नीट जपला पाहिजे. रक्तदाबासाठीच्या डॅश आहाराच्या 1990 च्या दशकातल्या अमेरिकी चाचणीचे साठवलेले नमुने तब्बल वीस वर्षांनी बाहेर काढून तपासले गेले आणि डॅश खाणाऱ्या व नेहमीचं खाणाऱ्या गटांत 97 रेणूंचा फरक सापडला. ते नमुने घेतले तेव्हा असं काही मोजता येईल हे त्या संशोधकांनाही ठाऊक नव्हतं.

माझा आग्रह एवढाच की हे काम सार्वजनिक पैशाने आणि सार्वजनिक संस्थांत व्हावं. बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, 'तुमच्यासाठी खास' आहाराचा तक्ता पाठवायचा आणि सोबत पूरक गोळ्यांची यादी जोडायची, असा व्यवसाय शहरांत फोफावतो आहे. एका माणसाच्या एका दिवसाच्या नमुन्यातून इतका नेमका सल्ला द्यावा असा पुरावा अजून कोणाकडे नाही. आणि बीटा-कॅरोटिनच्या दोन चाचण्यांनंतर ती गोळ्यांची यादी निरुपद्रवी आहे असं कोणी गृहीत धरू नये. या शास्त्राची ताकद समूह पाहण्यात आहे. शाळेतल्या पोषण आहाराने मुलांच्या रक्तात काय बदललं, रेशनवर तांदळाऐवजी ज्वारी दिल्यावर ती खरोखर ताटात आली की बाजारात विकली गेली, अंगणवाडीतून घरी दिलेलं पाकीट गरोदर बाईच्या पोटात गेलं की धाकट्या मुलाच्या, या प्रश्नांची उत्तरं आज आपण वह्यांतल्या नोंदींवरून देतो. ती लघवीच्या नमुन्यावरून देता येतील, आणि त्या उत्तराने कोणत्याही बाईला उलटतपासणीला बसावं लागणार नाही. नमुना देताना मात्र तो कशासाठी हे तिला मराठीत समजावून सांगितलेलं असावं, तो कोणाला विकला जाणार नाही याची लेखी हमी असावी, आणि तिच्या रक्तात ब12 कमी निघालं तर शोधनिबंध छापून येण्याची वाट न पाहता तिला ते त्याच आठवड्यात कळवून उपचार सुरू व्हावेत.